सेक्टर १६ वरची वहिवाट

गेली १८ वर्षं मी पुण्यात एम्बेडेड बोर्डांवर काम करते. दूध संकलन केंद्रातली मशिनं, पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर, गोदामात तापमान नोंदवणारे डबे. बाहेरून सगळे वेगळे दिसतात, पण झाकण उघडलं की आत बहुतेक वेळा तेच असतं: एक प्रोसेसर, थोडी रॅम आणि साठवणीची एकुलती एक चिप. त्या एका चिपमध्ये दोन बिऱ्हाडं राहतात. एक फर्मवेअर, म्हणजे वीज आल्याबरोबर आधी स्वतः जागा होऊन मग बाकीच्यांना उठवणारा बूटलोडर. दुसरं लिनक्स, जे एकदा उठलं की सगळं घर आपलंच समजून वावरतं. या दोघांना एका छपराखाली नांदवताना मला जे कळलं, ते बरंचसं नुकसान झाल्यावर कळलं. तेच इथे लिहिते आहे.

१. चालू असलेलं मशीन धड असेलच असं नाही. हे मला फलटणकडच्या एका दूध केंद्रावरून आलेल्या फोनने शिकवलं. पहाटेचे साडेपाच वाजले होते. केंद्र चालवणारे आण्णा म्हणाले, "ताई, मशीन उठंना झालंय. लाल लाइट लागतीय, पडद्यावर काय नाय. मानसं किटल्या घेऊन थांबल्यात." आदल्या दिवशी दुपारी मी १४ केंद्रांवर नवं अपडेट पाठवलं होतं आणि सगळीकडून ते नीट बसल्याचा निरोप आला होता. संध्याकाळचं दूध त्याच मशिनांवर घेतलं गेलं. फॅट लागलं, एसएनएफ लागलं, पावत्या निघाल्या. रात्री आण्णांनी रोजच्यासारखं बटण बंद केलं. खरा घात दुपारीच झाला होता. पण लिनक्स तोवर रॅममध्ये उठून कामाला लागलेलं, त्याला बूटलोडरची गरजच पडली नाही. ती पडली पहाटे. सहा वाजेपर्यंत उरलेल्या १३ ठिकाणांहूनही फोन आले. आण्णांनी त्या सकाळी ॲनालायझरवरचा फॅटचा आकडा वाचून वहीत हाताने लिहिला, भिंतीवरच्या दरपत्रकात बोट फिरवून दर काढला आणि एकाही माणसाला दूध परत न्यायला लावलं नाही. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसले होते आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

२. रिकामी दिसणारी जागा कुणाची तरी असू शकते. पार्टिशन टेबल म्हणजे साठवणीचा सातबारा. कुठला तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कुणाच्या नावावर आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. जुन्या एमबीआर पद्धतीत तो पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरात मावतो. त्यातले टेबलाचे बाइट फक्त ६४, म्हणून मुख्य पार्टिशनं चारच. मला नोंदी साठवायला पाचवं हवं होतं, म्हणून मी अपडेटमध्येच टेबल जीपीटी पद्धतीचं करून टाकलं. जीपीटीचा पसारा मोठा. सेक्टर ० वर जुन्या टूलना थोपवण्यापुरती एमबीआर, १ वर हेडर, आणि २ ते ३३ या सेक्टरांत नोंदी: १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइटच्या. मला हव्या होत्या पाच. पण टूल उरलेल्या १२३ जागाही शून्यांनी भरून लिहितं. आणि आमच्या बोर्डावरची ऑलविनरची जुनी प्रोसेसर चिप जागी झाली की बूटलोडर शोधायला थेट सेक्टर १६ वर जाते, म्हणजे सुरुवातीपासून ८ केबीवर.

त्या जागेची नोंद कुठल्याच टेबलात नव्हती. बूटलोडर तिथे वर्षानुवर्षं राहत होता, पण नुसत्या वहिवाटीने. माझ्या वडिलांच्या कोरेगावकडच्या शेतात बांधालगत एक पट्टी होती. शेजारच्यांच्या तीन पिढ्या ती कसत होत्या, कागदावर मात्र ती कधीच आली नाही. मोजणीला माणूस आला, त्याने नकाशा पाहून खुणा रोवल्या आणि पट्टी गेली. मोजणीदाराची त्यात चूक नव्हती. त्याला जो कागद दिला, तो त्याने पाळला. माझ्या टूलनेही तेच केलं. कागद अपुरा होता, आणि तो तसा आहे हे माहीत असायला हवं होतं ते मला.

३. प्रत्येक चिपचा जागेचा हट्ट वेगळा असतो, आणि तो तिच्या बूट रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो. रॉम बदलता येत नाही, म्हणून हट्टही बदलत नाही. ऑलविनर १६ व्या सेक्टरावर जाते. त्यांच्या पुढच्या काही चिप तिथे काही मिळालं नाही तर १२८ केबीवरही बघतात. आय.एमएक्स ६ ला बूटलोडर १ केबीवर लागतो, म्हणजे सेक्टर २, नेमकी जिथून जीपीटीच्या नोंदी सुरू होतात तिथे. त्याच घराण्यातल्या आय.एमएक्स ८एम ला ३३ केबीवर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती. ३४ सेक्टर म्हणजे १७ केबी, एवढी जीपीटीची जागा सोडून पुढे राहायचं, हा विचार त्यामागे असावा असं मी धरून चालते. रॉकचिपचा पहिला तुकडा सेक्टर ६४ वर बसतो, त्याला जीपीटीची काही अडचण नाही. पण त्याचा दुसरा तुकडा लोक सर्रास १६३८४ व्या सेक्टरावर ठेवतात, म्हणजे ८ एमबीवर. आणि बहुतेक पार्टिशन टूल पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरापासून, म्हणजे १ एमबीपासून सुरू करतात. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी रूढ आहेत. एकत्र आल्या की बूटलोडरचं अर्धं अंग लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये येतं, आणि एखादी लॉग फाइल जरा मोठी झाली की ते पुसलं जातं. कधी, ते सांगता येत नाही. मला या प्रकाराची सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण चूक पहिल्या दिवशी होते आणि बोर्ड तिसऱ्या महिन्यात जातो.

नवा बोर्ड हातात आला की मी आता आधी एक वही काढते. आडवी रेघ मारते, डाव्या टोकाला शून्य लिहिते आणि कोण कुठे राहतं ते सेक्टरांसह मांडते. कोड त्यानंतर.

४. माझं टेबलसुद्धा चाचणीचा भाग होतं, हे फार उशिरा लक्षात आलं. अपडेट मी तपासलं नव्हतं असं नाही. तीनदा बसवलं, तीनदा रीबूट केलं, तीनदा बोर्ड उठला. पण माझ्या टेबलावरच्या बोर्डात एक एसडी कार्ड कायम खोचलेलं असायचं. अडीअडचणीला असावं म्हणून ठेवलेलं, आत फक्त एक बूटलोडर. ही चिप आधी कार्ड बघते, मग ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरची ती साठवणीची चिप. त्यामुळे तिन्ही वेळा बोर्डाला उठवलं ते त्या कार्डाने. माझ्याच काळजीने माझी चूक झाकून ठेवली होती.

५. मेलेला बोर्ड बहुधा मेलेला नसतो. ऑलविनरच्या चिपला कुठेच बूटलोडर मिळाला नाही, तर ती 'फेल' नावाच्या अवस्थेत जाऊन यूएसबीवरून कुणी हाक मारतंय का याची वाट बघत बसते. रॉकचिपमध्ये याला मास्करॉम म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला फक्त काळा पडदा दिसतो. मी १४ एसडी कार्डं तयार केली, सिरियल केबल आणि लॅपटॉप घेतला आणि दुपारी गाडी काढली. आण्णांच्या केंद्रात, दरपत्रकाखालच्या लोखंडी टेबलावर, कार्ड घालून बोर्ड उठवला आणि ईएमएमसीचा सेक्टर १६ उघडून पाहिला. ऑलविनरच्या बूटलोडरच्या सुरुवातीला 'ईगॉन.बीटी०' अशी खूण असते. तिच्या जागी शून्यं होती. खाली सरकत गेले. सेक्टर ३३ संपेपर्यंत शून्यंच, आणि ३४ पासून बूटलोडरचा उरलेला भाग जसाच्या तसा. नांगर कुठवर फिरला होता ते रेघेसारखं स्पष्ट दिसत होतं.

मी बूटलोडर पुन्हा सेक्टर १६ वर लिहिला आणि कार्ड काढलं. बूटलोडर उठला, लिनक्सचं कर्नल उठलं आणि थांबलं. त्याला पार्टिशनच दिसेनात. कारण आता बूटलोडर टेबलाच्या नोंदींवर बसला होता, नोंदींचा चेकसम चुकला आणि कर्नलने टेबलच बाद ठरवलं. जीपीटीची दुसरी प्रत ईएमएमसीच्या शेवटी असते. दुरुस्तीचं टूल ती प्रत आणून पहिली नीट करायला तयार होतं, पण तसं केलं असतं तर बूटलोडर पुन्हा गेला असता. दोघांपैकी एकालाच जगवता येईल अशी ती स्थिती. मग हिशेब मांडला: एका सेक्टरात चार नोंदी मावतात. सेक्टर २ ते १५ म्हणजे १४ सेक्टर, म्हणजे ५६ नोंदी. टेबल १२८ ऐवजी ५६ नोंदींचं केलं की ते १५ व्या सेक्टराला संपतं आणि १६ मोकळा राहतो. जीपीटीच्या नियमात नोंदींसाठी किमान १६ केबी राखायला सांगितलं आहे, ते यात मोडतं, हे मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी ते केलं. आज करायचं झालं तर हेडरमध्ये नोंदींची जागाच बूटलोडरच्या पुढे दाखवीन; तशी मुभा जीपीटी देते. शेवटचं केंद्र तिसऱ्या दिवशी उठलं.

६. दोन वह्या ठेवल्या की त्या जुळवत राहाव्या लागतात. आमचा बूटलोडर यू-बूट आपली सेटिंग्ज एका छोट्या ठोकळ्यात ठेवतो, त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. सिस्टिमची कुठली प्रत बूट करायची, किती वेळा प्रयत्न फसला, हे त्यात असतं. लिनक्सलाही ते वाचायचं-लिहायचं असतं, आणि ठोकळा कुठे आहे व किती मोठा आहे हे लिनक्सच्या बाजूला एका वेगळ्या फाइलमध्ये लिहावं लागतं. एकदा आमच्या बूटलोडरमध्ये तो आकार १६ केबी होता आणि लिनक्सच्या फाइलमध्ये ८ केबी. चेकसम सगळ्या ठोकळ्याचा काढला जातो, त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला खराबच दिसायचं. खराब दिसलं की दोघेही निमूटपणे मूळ सेटिंग्ज उचलायचे. सिरियल कन्सोलवर तशी एक ओळ यायची, पण बाहेर पडलेल्या बोर्डाचं सिरियल कन्सोल कोण बघतं? नवं अपडेट फसलं तर तीन प्रयत्नांनंतर जुन्या प्रतीवर परतायची सोय आम्ही मोठ्या विश्वासाने बांधली होती. मोजणी दर वेळी शून्यापासून सुरू होत राहिली आणि बोर्ड फसलेल्या प्रतीवरच रात्रभर फिरत राहिले.

७. विहीर सामाईक असली तरी मोट एकाच वेळी एकाचीच चालते. आमच्या शेतात चुलत्यांबरोबर सामाईक विहीर आहे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. ईएमएमसीच्या कंट्रोलरचंही तसंच. बूट होईपर्यंत तो फर्मवेअरच्या हातात असतो, कर्नलने ताबा घेतला की कर्नलचा. दोन ड्रायव्हर एकाच कंट्रोलरला हुकूम सोडू लागले तर डेटाची वाट लागते. पीसीवर हा प्रश्न सहसा दिसत नाही, कारण फर्मवेअरला स्वतःची वेगळी फ्लॅश चिप असते, घरचा आड असतो. छोट्या बोर्डावर ती नसते. यूईएफआय पद्धतीत चालू लिनक्सने फर्मवेअरला 'ही बूटची नोंद लिहून ठेव' असं सांगायची सोय आहे, पण यू-बूट अनेकदा त्या नोंदी ईएमएमसीवरच्याच एका फाइलमध्ये ठेवतो. कर्नल उठल्यावर त्या फाइलला हात लावायची यू-बूटची पाळी संपलेली असते. त्यामुळे लिनक्सचा इन्स्टॉलर शेवटच्या पायरीवर 'नोंद लिहिता आली नाही' म्हणून अडतो. मी दोन दिवस माझ्या कोडमध्ये चूक शोधत होते. चूक नव्हती, पाळीची गोष्ट होती. ठरावीक फोल्डरात ठरावीक नावाने बूट फाइल ठेवली की फर्मवेअर नोंद नसतानाही ती शोधून उचलतं. तेवढ्यावर काम भागलं.

याच्याही पुढची गुंतागुंत आरपीएमबीची. ईएमएमसीतला हा कोपरा कुणी गुपचूप बदलू नयेत अशा नोंदी ठेवण्यासाठी असतो. प्रोसेसरच्या सुरक्षित बाजूला तिथे लिहायचं असतं, पण कंट्रोलर लिनक्सकडे. मग ती बाजू संदेशाला किल्लीचं शिक्कामोर्तब करून पाकीट लिनक्सच्याच हाती देते. लिनक्स ते पोचवू शकतं, अडवू शकतं, पण आतला मजकूर बदलला तर पकडलं जातं. ज्याच्यावर पूर्ण विश्वास नाही त्याच्याच हातून विश्वासाचं काम करून घेण्याची ही युक्ती समजली, त्या दिवशी मी कामावरून फार आनंदात घरी आले होते.

८. घरात बंद खोल्याही असतात. ईएमएमसीमध्ये मुख्य जागेशिवाय बूट ० आणि बूट १ असे दोन वेगळे भाग असतात. ते पार्टिशन टेबलाच्या कक्षेत येत नाहीत, लिनक्समध्ये सुरुवातीला फक्त वाचण्यापुरते उघडे असतात, आणि मुख्य जागेवर कितीही नांगर फिरवला तरी त्यांना धक्का लागत नाही. चिप तिथून बूट होऊ शकत असेल तर बूटलोडरला याहून चांगली जागा नाही. मात्र मुख्य जागेची हुबेहूब प्रत काढून दुसऱ्या बोर्डावर टाकली तर तो उठत नाही, कारण बंद खोलीतलं सामान प्रतीत आलेलंच नसतं.

९. जे लिहून ठेवलं आहे तेच टिकतं. रास्पबेरी पायचे पहिले बोर्ड मला यासाठी आवडायचे. फर्मवेअरच्या फाइली सरळ फॅट पार्टिशनमध्ये, नावानिशी समोर. शाळेतला पोरगाही कार्ड घरच्या कॉम्प्युटरला लावून त्या बघू शकायचा आणि बिघडल्या तर पुन्हा टाकू शकायचा. २०१९ च्या पाय ४ मध्ये त्यातला पहिला टप्पा बोर्डावरच्या वेगळ्या ईईप्रॉममध्ये गेला. त्याच वर्षी आर्मच्या पुढाकाराने तयार झालेल्या ईबीबीआर या नियमावलीची पहिली आवृत्ती आली. एम्बेडेड बोर्डांवर फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी एकमेकांशी कसं वागावं हे त्यात आहे, आणि सामाईक साठवणीवर तर वेगळा भागच आहे. शक्य असेल तर फर्मवेअरला वेगळी साठवण द्या. नसेल तर त्याच्या जागेचं टेबलात पार्टिशन दाखवा आणि ते राखीव असल्याची खूण करा. जीपीटीत त्यासाठी एक बिट आहे, एमबीआरसाठी वेगळा प्रकार-क्रमांक सांगितला आहे. फर्मवेअर फाइलींच्या रूपात असेल तर सिस्टिम पार्टिशनमध्ये 'फर्मवेअर' नावाच्या फोल्डरात ठेवा. आणि इन्स्टॉलरने अशा राखीव नोंदी पुसू नयेत, हलवू नयेत. मी ते वाचलं तेव्हा सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना डोळ्यांसमोर आला. जमीन तुमच्या नावावर असेल, पण विहिरीकडे जाणारी वाट दुसऱ्याची आहे, हे तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ पिढ्यान्पिढ्यांची भांडणं वाचवते.

१०. आठ पायांच्या चिपसाठी भांडावं लागतं. वेगळ्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये फर्मवेअर ठेवलं की वरच्यातलं निम्मं दुखणं संपतं. पण दर नव्या बोर्डाच्या बैठकीत खरेदीवाले विचारतात की ही चिप नक्की करते काय, हिच्याशिवायही बोर्ड चालतोच की. पूर्वी मी तांत्रिक उत्तर द्यायचे आणि हरायचे. आता १४ केंद्रं, तीन दिवस, गाडीचं पेट्रोल आणि त्या सकाळी वहीत लिहिलेली नावं एवढंच सांगते. दोनदा चिप मिळाली, तिसऱ्यांदा नाही मिळाली.

११. अपडेट कधी संपलं म्हणायचं, हे मला आण्णांकडून कळलं. मी आता डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवते, त्या आडव्या रेघेचा: कोण कुठल्या सेक्टरावर आहे. आण्णांनी त्याची झेरॉक्स काढून दरपत्रकाशेजारी लावली आहे. मागच्या पावसाळ्यात नवं अपडेट घेऊन मी स्वतः तिथे गेले. दुपारी चार वाजता बसवलं, रीबूट केलं, सगळं ठीक दिसलं. मी बॅग भरायला लागले.

"थांबा ताई," आण्णा म्हणाले. त्यांनी मशिनचा पिन विजेच्या बोर्डातून उपटला. लाल लाइट गेला. "एकदम थंड होऊ दे." त्यांनी तोंडातल्या तोंडात पन्नासपर्यंत मोजलं आणि पिन परत लावला. बाहेर पत्र्याच्या शेडखाली दोन बायका किटल्या खाली ठेवून आमच्याकडे बघत उभ्या होत्या. लाल, मग हिरवा. पडद्यावर तारीख आली, त्याखाली गाईच्या दुधाचा दर. आण्णांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि पहिल्या किटलीचं झाकण काढलं.